गायकवाड सर आणि बहकलेला आकडा

आमच्या अंबडला गायकवाड सर आजारी आहेत की नाहीत, हे थर्मामीटर ठरवतं. अंग तापलंय, डोळे लाल झालेत, पण थर्मामीटरनं नाही म्हटलं तर सर पिशवी घेऊन बाजारात निघतात. उलट एकदा ठणठणीत असताना बीपीच्या मशीनवर आकडा जास्त दिसला, तर घरी येऊन पांघरूण ओढून झोपले. मशीनचे सेल उतरले होते हे दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा उठले.

"माणूस खोटं बोलतो," ते म्हणतात. "आकडा न्हाई बोलत."

जन्मभर विज्ञान शिकवून सर निवृत्त झाले. त्यांच्या पत्नी वारल्या, आणि घरात सर अन् मुलगी स्नेहल दोघंच उरली. स्नेहलला बारावीला इतके मार्क पडले की सर मार्कमेमोची झेरॉक्स खिशात घेऊन फिरायचे आणि बसस्टँडवर अनोळखी माणसालाही दाखवायचे. पुढे इंजिनिअरिंग झाल्यावर ती म्हणाली, मी नोकरी करणार नाही, ॲनिमेशनच्या फिल्म काढणार.

"एवढे मार्क घेऊन कार्टून काढून राह्यली?" सर म्हणाले.

स्नेहल पुण्याला गेली. त्यानंतर बापलेकीत बोलणं नाही. तिनं स्वतः जुळवलेला मोठा कम्प्युटर तेवढा आतल्या खोलीत राहिला.

मी समोरच राहतो. परवा दिवेलागणीला सरांनी ओट्यावरून हाक मारली, "पळत या हो, पळत!"

पळालो. घरातले सगळे दिवे बंद, फ्रिजची पिन काढलेली. आतल्या खोलीत कम्प्युटरवर टेबलफॅन सोडलेला, शेजारी वाळूची बादली. सर पायात रबरी चप्पल घालून उभे होते. कपाळावर घाम.

"चुकून काय दाबलं काय म्हाईत. बघा, बघा आकडा!"

पडद्यावर एका कोपऱ्यात कम्प्युटरची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर चालू होतं. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रं पळवणारा भाग, किती वेगानं चाललाय ते त्यात दिसतं. कार्डाच्या खोक्यावर जेवढा वेग छापला होता, त्याच्या चौपट दिसत होता.

"सर, बंद करून टाका ना."

"आन् मंग परत चालूच झालं न्हाई तर? पोरीचं सगळं काम आत आहे."

"मग राहू द्या चालू."

"जळंल ना!"

माझा हात बटनाकडे गेला तर त्यांनी मनगट धरलं. आकडा अजून चढला. आता मलाही कसलातरी वास यायला लागला.

"स्नेहलला फोन लावा," मी म्हणालो.

"ती उचलायची न्हाई."

मी माझ्या फोनवरून लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. सरांनी बादली उचलली. मी परत लावला.

"जय भीम, काका," स्नेहलचा आवाज आला. "पप्पा बरे आहेत ना?"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं. सर बादली धरून उभे.

"पंखा फिरतोय का कार्डाचा? आणि टेंपरेचर किती आहे?"

"पंखा सावकाश फिरतोय. टेंपरेचर चाळीसच दाखवतंय."

"मग काही होत नाही, काका. इतक्या वेगानं पळालं असतं तर तापलं नसतं का? ते सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याला हे कार्ड नीट वाचता येत नाही. आकडाच चुकीचा आहे."

"आकडा कसा काय चुकीचा असंल?" सर एकदम बोलून गेले.

फोन कट झाला असं मला वाटलं.

"पप्पा?"

सरांनी बादली खाली ठेवली.

"पप्पा, कम्प्युटर तुम्ही चालू केला?"

"रोजच करतो. थोडा वेळ. बंद राहून खराब होऊ नये म्हणून."

"चालू करून काय करता?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. तेव्हा माझं लक्ष गेलं. आकड्यामागं एक चित्र थांबलेलं होतं. अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली आणि तिच्यामागे धावणारी, हात लांब केलेली एक पोरगी.

"तुझं कार्टून बघतो," सर म्हणाले. मग घसा साफ केला. "फिल्म. तुझी फिल्म बघतो."

"ती अर्धीच आहे."

"हां. हात पोचायच्या आतच संपून जाते. तिला ऊस भेटतो का न्हाई?"

"मी अजून ठरवलंच नाही, पप्पा," स्नेहल म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

सर पडद्यावरच्या त्या पोरीकडे वळले.

"भेटू दे," ते म्हणाले. "लई पळून राह्यली गं ती."