पट्टी काळी, नग तीन

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. व्यवस्था या विषयात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! सोळा वर्षं मी पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. खिडकीतून चिठ्ठी आत आली की वस्तू बाहेर! "वॉशर, पितळी, बारा." हजर! "नळी, निळी, दोन." हजर! आधी वस्तू, मग रंग, मग नग. चिठ्ठी वाचायची, वस्तू द्यायची आणि उलट प्रश्न विचारायचे नाहीत, हा माझा बाणा.

त्यामुळे बायकोच्या गाण्याच्या दिवशी मी छाती पुढे काढून तिला म्हणालो, "तू फक्त गा. बाकी सगळं माझ्यावर सोड!"

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. बोलली काहीच नाही. बोलणार कशी? तीन दिवस ती मौनात होती.

माझी बायको शाळेत गणित शिकवते आणि शाळा सुटल्यावर बाईंकडे गाणं शिकते. गेली नऊ वर्षं! गावातल्या गायन मंडळाची महिन्यातून एका रविवारी बैठक असते, आणि त्यात नव्या गाणाऱ्याला पंधरा मिनिटं देतात. गेल्या वर्षी तिची पाळी आली होती. मी तिला अगदी वेळेवर नेलं, फक्त दुसऱ्याच सभागृहात! तिथे न्हाणीघराच्या फरशांचं प्रदर्शन चाललं होतं. खऱ्या सभागृहात पोचेपर्यंत तिची पंधरा मिनिटं संपलेली. ती भांडली नाही, रडली नाही. घरी येऊन तिने गाण्याची वही कपाटात टाकली आणि दोन महिने बाहेर काढली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ते मला अजून खुपतं.

या वर्षी बाईंनी मंडळाकडे शब्द टाकून पुन्हा पंधरा मिनिटं मिळवली. वर बजावलं, "आता मात्र शेवटचं हं. मला पुन्हा शब्द टाकता येणार नाही."

आणि नेमका तीन दिवस आधी हिचा घसा बसला! डॉक्टर म्हणाले, "गायचं असेल तर तोवर एक शब्दही बोलायचा नाही." झालं! घरात चिठ्ठ्यांचं राज्य सुरू झालं. "पाणी." "पंखा बंद." "गप्प बसा." ही शेवटची चिठ्ठी दिवसातून सात-आठ वेळा लागायची, म्हणून तिने ती फाडून न टाकता पर्समध्येच जपून ठेवली होती.

रविवारी पाचला कार्यक्रम. आम्ही चारलाच हजर! या वेळी सभागृहाचं नाव मी दारावर दोनदा वाचून खात्री केली. मंचावर कीबोर्डवाले काका वायरी जोडत होते. बाईंच्या सगळ्या शिष्यांना साथ तेच करतात. एका वायरीचं वरचं आवरण सोललं होतं. काका तिच्याकडे बघत पुटपुटले, "ही एक दिवस दगा देणार."

मी ते मनात टिपून ठेवलं. व्यवस्थापकाची नजर चौफेर असावी लागते.

आतल्या खोलीत ही वाफ घेत बसली होती आणि बाई तिच्या गळ्याची परीक्षा घेत होत्या. मी दाराबाहेर उभा. चार वाजून वीस मिनिटांनी दार बोटभर उघडलं आणि एक चिठ्ठी बाहेर आली.

"पट्टी काळी तीन. लगेच काकांना द्या."

आता तुम्ही गाण्यातले जाणकार असाल तर कपाळावर हात मारून घेतला असेल. गाणाऱ्यांच्या भाषेत पट्टी म्हणजे गाण्याचा सूर किती उंच धरायचा ते. ही एरवी काळी पाचमध्ये गाते. घसा बसलेला, म्हणून बाईंनी तिला खाली काळी तीनवर आणली होती, आणि ही चिठ्ठी मी काकांच्या हातात द्यायची होती. चार पावलांचं काम!

पण आमच्या स्टोअरमध्ये पट्टी म्हणजे वायरीवर गुंडाळायची चिकटपट्टी! वस्तू: पट्टी. रंग: काळी. नग: तीन. सोळा वर्षांत इतकी नीट लिहिलेली चिठ्ठी मी पाहिली नव्हती! शिवाय ती सोललेली वायर मी डोळ्यांनी बघितली होती. म्हटलं, वा! आत वाफ घेत बसलीय, पण लक्ष कुठे कुठे आहे बघा!

चिठ्ठी खिशात घातली आणि धूम ठोकली.

पहिलं दुकान विजेच्या सामानाचं. मालक पेपर वाचत होता.

"पट्टी द्या. काळी. तीन."

"काळी संपली. लाल घ्या."

"लाल नको! चिठ्ठीवर काळी आहे!"

"अहो, वीज काय रंग बघते का?"

"वीज नसेल बघत, माझी बायको बघते!"

तो पुन्हा पेपरात शिरला. पुढची दोन दुकानं रविवारची बंद. चौथं दोन चौक पलीकडे आणि त्याचं शटर निम्मं खाली आलेलं. मी शटरखालून वाकून आत घुसलो. दुकानदार दचकून काउंटरमागे गेला.

"पट्टी! काळी! तीन!"

"घ्या, पण अंगावर येऊ नका!" त्याने फळीवर शोधाशोध केली. "काळ्या दोनच आहेत. वर एक पांढरी देतो. तीन झाल्या की नाही?"

घड्याळात चार एक्केचाळीस! मला घाम फुटला. आमच्याकडे नियम आहे: मागितलेल्या मालाऐवजी दुसरा माल द्यायचा तर मागणाऱ्याची परवानगी लागते. मी लगेच हिला फोन लावला. पलीकडे नुसता श्वास ऐकू आला.

"बोलू नकोस! अजिबात बोलू नकोस! काळी तीन कुठेच मिळत नाहीये. काळी दोन मिळाली, पांढरी एक मिळाली. चालत असेल तर फोनवर एक टिचकी मार. चालत नसेल तर दोन."

टक् टक् टक् टक् टक् टक्... मी चौदा मोजल्या आणि फोन बंद झाला. चौदा पट्ट्या? कशाला? मी विचार करतोय तोवर तिचा मेसेज आला.

"काय मिळत नाहीये??? काळी तीन म्हणजे काळी तीन! काकांना दिली की नाही???"

मी कौतुकानं मान हलवली. गणिताची बाई आहे! दोन काळ्या आणि एक पांढरी म्हणजे तीन, हे ती चालवून घेणार नव्हती. तरी दोन काळ्या विकत घेतल्या आणि पांढरी राखीव म्हणून खिशात टाकली.

पण समजा, मधल्या वेळात त्या वायरीनं दगा दिला तर? खबरदारी हवी! खिशातल्या कार्यक्रमपत्रिकेवर सभागृहाचा नंबर होता. वॉचमननं उचलला.

"मंचावर कीबोर्डवाले काका आहेत ना, त्यांना निरोप द्या. काळी तीन मिळेपर्यंत पांढरी एक चालवून घ्या."

"काय चालवून घ्या?"

"पांढरी एक! पांढरी एक!"

"कुणाचा निरोप म्हणून सांगू?"

"आज पहिलं गाणं ज्यांचं आहे ना, त्या बाईंच्या मिस्टरांचा!" मी रुबाबात सांगितलं.

काकांकडे पांढरी पट्टी असेल की नाही, हा विचार मला त्या घाईत शिवला नाही. वॉचमन बिचारा इमानदार. त्याने निरोपाचा पहिला अर्धा भाग जिन्यात सांडला आणि दुसरा अर्धा जसाच्या तसा काकांना पोचवला. आणि पांढरी एक म्हणजे हिच्या एरवीच्या काळी पाचहूनही वरची पट्टी! नंतर कळलं, माझ्या फोननंतर ही घाबरून स्वतःच मंचाकडे निघाली होती. पण बाईंनी तिला खांदे धरून खाली बसवलं. म्हणाल्या, "बस गं! वॉचमन आत्ताच सांगून गेला. तुझ्या मिस्टरांनी काकांना पट्टी कळवलीय."

तिसरी काळी पट्टी मला सायकल दुरुस्तीच्या दुकानात दिसली. पाच वाजायला आठ मिनिटं होती. एक म्हातारे गृहस्थ सायकलच्या मुठीवर पट्टी गुंडाळत होते.

"ती मला द्या!"

"अर्धी संपलीय. आणि विकायची नाही."

"अर्धी चालेल! माझ्या बायकोचं गाणं आहे हो! नऊ वर्षं शिकतेय. गेल्या वर्षी माझ्यामुळं हुकलं. या वेळी हुकलं तर ती पुन्हा गाणार नाही!"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गाण्याला ही कशाला लागते?"

"कलाकारांचं काय सांगता येतं!"

त्यांनी टरकन पट्टी तोडली आणि गुंडाळी माझ्या हातावर ठेवली. "न्या. पैसे नकोत. पण आता पळा."

मी पळालो. लग्नाआधीही मी इतका पळालो नव्हतो. सभागृहाच्या पायऱ्या चढलो तेव्हा पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. दार लोटलेलं. मी फटीतून आत पाहिलं.

ही मंचावर बसली होती. काकांनी एक सूर धरून ठेवला होता. हिने डोळे मिटले, श्वास घेतला आणि सूर लावायला गेली. आवाज वर चढला, आणखी चढला आणि चर्रकन फाटला. ती थांबली. खोकली. काकांनी तोच सूर पुन्हा धरला, जरा मोठ्यानं, आणि "चालू दे" अशी मान हलवली. सभागृहात खुर्च्या करकरायला लागल्या. पहिल्या रांगेत बाईंनी तोंडावर हात ठेवला.

हिने समोर पाहिलं. ती मला शोधत होती. ही नजर मी ओळखतो. फरशांच्या प्रदर्शनाच्या दारात तिने मला असंच पाहिलं होतं.

म्हटलं, वायर! शेवटी त्या वायरीनं दगा दिलाच!

मी दार ढकलून आत घुसलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "काका! काळी तीन! काळी तीन!"

शंभर डोकी मागे वळली. मी तिन्ही काळ्या पट्ट्या वर धरून मधल्या वाटेनं धावत सुटलो. एक हातातून सुटली आणि घरंगळत माझ्या आधीच पहिल्या रांगेत पोचली. "काळी तीन, काका! घ्या ना! काळी तीन!"

"काळी तीन?" काका दचकले. "मग मला पांढरी एक कुणी..." पण त्यांचं वाक्य पुरं होण्याआधीच बोटं हलली होती. सूर एकदम बदलला.

हिने माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत सुटका होती, आणि घरी गेल्यावर काय होणार आहे तेही होतं. मग तिने डोळे मिटले आणि गायला लागली.

मला गाण्यातलं काही कळत नाही. पण हे गाणं मी नऊ वर्षं शेजारच्या खोलीतून ऐकतोय. त्यात एक जागा आहे, तिथे ती दर वेळी अडते, थांबते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. ती जागा जवळ आली तशी मी हातातल्या पट्ट्या घट्ट आवळल्या. ती अडली नाही. सहज पार झाली, उंबरा ओलांडावा तशी! मी तिथेच, वाटेत उभ्या उभ्या, चक्क रडलो.

टाळ्या बराच वेळ चालल्या.

मध्यंतरात काकांनी मला मिठीच मारली. "मानलं तुम्हाला! पट्टी चुकलीय हे दारातून ओळखलंत! पांढरी एक नाही, काळी तीन! अहो, मुरलेल्या गवयांनाही हे जमत नाही!"

मी हातातल्या गुंडाळ्यांकडे पाहिलं. मग मंचावरच्या कीबोर्डकडे पाहिलं. काळ्या पट्ट्या. पांढऱ्या पट्ट्या. ओळीनं मांडलेल्या. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, फक्त तासभर उशिरा.

तेवढ्यात बाई आल्या. "घरात असा कान असल्यावर ती चांगलं गाणारच! मंडळ तिला पुढच्या वेळी अर्धा तास देणार आहे." मग त्यांनी पायाशी आलेली गुंडाळी पुढे केली. "आणि हे काय आहे?"

"ते होय? ते... घरचं काम." मी घाईघाईनं गुंडाळी घेतली. मग राहवलं नाही, म्हणून नम्रपणे जोडून दिलं, "कानाचं म्हणाल तर लहानपणापासूनच थोडं आहे."

ही मागे उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिने पर्स उघडली. मला वाटलं, "गप्प बसा"ची चिठ्ठी निघणार. पण तिने पर्स बंद केली. गाणं झालं होतं, मौन संपलं होतं. तीन दिवसांनी ती पहिला शब्द बोलणार म्हणून आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो.

"अहो," ती गोड आवाजात म्हणाली, "ती पट्टी द्या जरा."

"कुठली? काळी की पांढरी?"

"काळी. आणि तीन नकोत, एकच पुरे."

"कशाला गं?"

"तुमच्या तोंडाला लावायला!"

खरं सांगायचं तर सायकलवाल्यांची अर्धीच पुरली. दोन काळ्या आणि एक पांढरी अजून कोऱ्या आहेत. तुमच्यापैकी कुणाला हव्या असतील तर चिठ्ठी पाठवा, लगेच पोचवतो. फक्त एक विनंती आहे: पट्टी कसली, तेवढं लिहा!