दाराबाहेरचे अकरा जोड

परदेशी नोकरीला निघालेला मराठी माणूस साऱ्या देशाची अब्रू खांद्यावर घेऊन विमानात चढतो. तिचं वजन करत नाहीत म्हणून बरं. नाहीतर जादा सामानाबरोबर तीही विमानतळावरच काढून ठेवावी लागली असती. आपल्या तपासनीसाच्या हाती ही अब्रू तीन आठवडे अगदी सुखरूप होती, कारण कारखाना आणि भाड्याची खोली यांच्यापलीकडे तो कुठे गेलाच नव्हता.

कारखाना पंपांचा. तयार पंप समोर आला की त्यात पाणी सोडायचं, गळतोय का बघायचं आणि हिरवी नाहीतर लाल चिठ्ठी लावायची, हे तपासनीसाचं काम. त्याची स्वतःची चिठ्ठी मात्र अजून लागायची होती. बायकोला तिकडे आणायचं तर साहेबांच्या सहीचं एक पत्र लागत होतं आणि ते दहा दिवस साहेबांच्या टेबलावर पडून होतं. माणूस पारखल्याशिवाय त्याच्या बायकोला बोलावू नये, असं साहेबांचं मत. लग्नाला आठ महिने झाले होते आणि गेले तीन आठवडे दोघांचा संसार फोनवर चालला होता. अशात शुक्रवारी साहेबांनी खात्यातल्या सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. पत्राचं तिथेच बघू, असं तपासनीसाला सांगितलं.

त्याला गाडीतून न्यायची जबाबदारी अनुभवीने घेतली. अनुभवी म्हणजे बारा वर्षं तिकडे मुरलेला आपल्याकडचाच सहकारी. त्याचं बढतीचं घोडं अडलं होतं, म्हणून त्याने खास आजच्यासाठी तपकिरी, चकचकीत नवे बूट घेतले होते. ते चावत होते, पण शोभत होते.

"काटा डाव्या हातात," अनुभवी गाडी चालवता चालवता म्हणाला. "जेवताना आवाज नाही. ढेकर तर मनातसुद्धा आणायचा नाही."

"आलाच तर?"

"खोकायचं. कुठल्याच विषयावर मत द्यायचं नाही. मी हसलो की हस. थोडक्यात, मी करेन तेच कर."

"आणि पत्राचं?"

"तो विषय मी काढतो. माझा अनुभव असा, की गोड खाताना साहेब नरम येतात."

साहेबांचं घर चौथ्या मजल्यावर. दार उघडलं, अनुभवी हसत आत गेला. मागोमाग तपासनीस निघाला, पण समोर उंबरठा दिसला आणि त्याचे हात आपोआप बुटांच्या नाड्यांकडे गेले. यात विचाराचा काही भाग नव्हता. त्याने बूट काढले, भिंतीशी नीट जोडून ठेवले आणि मोज्यांवर आत पाऊल टाकलं.

आत पांढराशुभ्र गालिचा होता आणि त्यावर बुटांसकट नऊ माणसं उभी होती.

"हे काय केलंस?" अनुभवी हसऱ्या चेहऱ्याने पुटपुटला.

"बूट काढले."

"ते दिसतंय. जा, घालून ये."

पण तेवढ्यात साहेबांची बायको आली. पायाला काही लागलंय का, असं तिने काळजीने विचारलं. होकार द्यायला अनुभवीने तोंड उघडलंही होतं. तपासनीस मात्र सरळ माणूस. रस्त्यावरची घाण घरात कशाला आणायची, म्हणून आमच्याकडे बूट बाहेर काढतात, असं त्याने सांगून टाकलं. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की वाक्य छोटं असलं तरी त्यात खोलीतले सगळेजण आले होते.

मग बाई नवऱ्याकडे वळल्या.

"ऐकलंस? अकरा वर्षं मी हेच सांगतेय."

पुढच्या पाच मिनिटांत खात्यातला एकूण एक माणूस वाकलेला होता. बूट बाहेर गेले आणि मोजे उजेडात आले. अनुभवीचा एक मोजा काळा आणि एक निळा निघाला. खरेदीप्रमुखांच्या मोज्यांवर बदकं होती. साहेबांच्या उजव्या पायाचा अंगठा तर मोजा सोडून थेट पाहुण्यांकडे बघत होता. बाईंनी स्वतःचे उंच टाचांचे बूटही काढून बाहेर ठेवले, तेव्हा साहेब त्यांच्यापेक्षा उंच आहेत हे खात्याला पहिल्यांदा कळलं. दाराबाहेर एकूण अकरा जोड भिंतीला नाक लावून उभे राहिले.

जेवण मात्र रंगलं. बदकांचे मोजे घातलेल्या माणसाला घाबरणं अवघड असतं, त्यामुळे लोक मोकळेपणाने बोलू लागले. फक्त साहेब गप्प होते. त्यांचं सगळं लक्ष अंगठा दुमडून ठेवण्याकडे होतं. "पत्र विसर," अनुभवीने तपासनीसाच्या कानात सांगितलं. "आणि माझी बढती तू मोज्यात घातलीस."

गोड वाढायला घेतलं आणि दाराची बेल वाजली.

दारात इमारतीचा रखवालदार उभा होता, टोपी हातात धरून. त्याच्यामागे चार शेजारी. त्या इमारतीत असं होतं, की नको असलेली वस्तू शुक्रवारी संध्याकाळी दाराबाहेर ठेवायची. रखवालदार ती खाली नेऊन गरजूंसाठी येणाऱ्या गाडीत घालायचा. एरवी त्याला एखादा मोडका दिवा मिळे. आज तो आभार मानायला आला होता. पंचवीस वर्षांत एका घरातून असं दान गेलेलं पाहिलं नाही, असं तो सांगत होता.

"अकरा जोड," तो म्हणाला. "त्यातले काही तर अजून गरम होते."

गाडी कुठे आहे, असं साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं. ती अर्ध्या तासापूर्वीच गेली होती. मग रखवालदाराचं लक्ष साहेबांच्या पायांकडे गेलं, तिथून सगळ्यांच्या पायांकडे गेलं आणि त्याने हातातली टोपी छातीशी धरली. पायातलेसुद्धा काढून दिलेत, एवढंच त्याला बोलता आलं. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. अनुभवीच्या तोंडून एक हुंदका निघाला. शेजारच्या आजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

खरं काय ते सांगायची हीच वेळ होती. साहेबांनी एकदा तपासनीसाकडे, एकदा टाळ्या वाजवणाऱ्या शेजाऱ्यांकडे पाहिलं. "त्यात काय एवढं," ते म्हणाले.

दार लागलं. "तपासनीस, जरा आत ये," साहेब म्हणाले आणि आपल्या कामाच्या खोलीत गेले. टेबलावर कारखान्यातून आणलेलं ते पत्र होतं. बाईही मागोमाग आल्या आणि दार ओढून उभ्या राहिल्या.

"ते बूट मला सासऱ्यांनी दिले होते," साहेब म्हणाले.

"आणि ते तुला पहिल्या दिवसापासून घट्ट होतात," बाई म्हणाल्या. मग बाईंनी तपासनीसाला विचारलं, "दारात बूट काढायला तुला कुणी शिकवलं?"

"आईने शिकवलं होतं," तपासनीस म्हणाला. "मधे मी विसरलो. मग लग्न झालं."

बाईंनी पेन उचललं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. "तिला आधी इकडे आण," त्या म्हणाल्या. साहेबांनी पत्र एकदा वाचलं, अंगठा मोकळा सोडला आणि सही केली.

घरातल्या सपाता पाहुण्यांना वाटताना तपासनीसाचा नंबर येईपर्यंत संपल्या. अनुभवीला बाईंच्या गुलाबी, केसाळ सपाता मिळाल्या होत्या. त्या घालून त्याने गाडी सुरू केली, पण शेजारचं दार उघडलं नाही. "माझा अनुभव असा, की तू चालत जावंस," तो म्हणाला आणि गेला.

तपासनीस मोज्यांवर दोन किलोमीटर चालला. खडी लागली, डबकी लागली, एका ठिकाणी ताजं डांबर लागलं. त्याला काही जाणवलं नाही. खोलीत शिरता शिरता त्याने बायकोला फोन लावला.

"सही झाली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "खरं सांग."

"पत्र खिशात आहे. महिन्याभरात येशील तू."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. गालिचा, बदकं, रखवालदाराची टोपी, शेजाऱ्यांच्या टाळ्या, मोज्यांवर केलेली पायपीट. तिच्यासाठी आपण केवढं केलं, हे त्याचं त्यालाच नव्याने कळत होतं. ती मधे एकदा हसली, एकदा रडली, मग तिने घसा साफ केला. आता ती काहीतरी फार मोठं बोलणार, म्हणून त्याने फोन कानाला घट्ट धरला.

"तू आत्ता कुठे आहेस?" तिने विचारलं.

"खोलीत. पलंगावर बसतोय."

"थांब, बसू नकोस," ती म्हणाली. "आधी पाय धुऊन ये."