मामावर पाळत

उकंडराव खुफिया पोलीस आहे ही गोष्ट मलकापुरात गुप्त होती, पण ती फक्त उकंडरावाच्या समजुतीत. धोतर, काळी टोपी आणि हातात कापसाचा नमुना बांधलेला रुमाल, असा दलालाचा वेश करून तो बाहेर पडला की खरे दलालच विचारत, "काय मामा, आज कोनाच्या मागावर?" इंग्रज अमदानीतली गोष्ट. तेव्हा पाळतसुद्धा घरोब्याची असे. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच ओट्यावर बसून चहा घ्यावा लागे. नाही घेतला तर तो रुसे.

त्या वर्षी सरकारला संशय आला की गावातल्या तरुण संघाच्या पोरांना रशियाचं वारं लागलंय. पोरांचा पुढारी इंद्रभान. घरची बक्कळ शेती, स्वतः नागपूरला वकिली शिकत होता. सरकारला त्याची भाषणं शब्दन् शब्द हवी होती. सभेत कागद काढला की वक्ते बुजत, म्हणून उकंडराव भाषण पाठच करी. एकदा ऐकलं की डोक्यात पक्कं; धामणगावच्या सभेतलं तर अजून तोंडपाठ होतं. लोकांनी कुठे टाळ्या वाजवल्या, तेही 'येथे टाळ्या' म्हणून त्याच ओघात पाठ होई.

पण कापसाची वेचणी लागली आणि मलकापुरात सभाच होईना. बुलढाण्याच्या पोलीस साहेबांनी बोलावून सुनावलं, की या महिन्यात अहवाल आला नाही तर बदली, संग्रामपूरकडच्या डोंगराखालच्या ठाण्यावर. तिथे हिवताप हमखास मिळे, सुईण मात्र नाही. आणि घरी तर लेक शालू पहिल्या बाळंतपणाला आलेली.

"अशा पोटुशी पोरीले घेऊन मी डोंगरात जाऊ काय?" त्याची बायको मंजुळाबाई म्हणाली. "त्या इंद्रभानले म्हना, एखादं भाषन ठोक बाबा."

उकंडरावाने खरोखर जाऊन म्हटलं. सुटीला घरी आलेल्या इंद्रभानला आनंद झाला, पण सरकारनेच नुकताच काढलेला सभाबंदीचा हुकूम आडवा आला. मग तोड निघाली ती रोडग्यांची, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजायच्या कणकेच्या गोळ्यांची. नळगंगा नदीच्या काठी मारुतीला रोडग्यांचा नवस फेडायचा आणि पंगत बसली की बोलायचं. वऱ्हाडात रोडग्यांची पंगत बंद करण्याची छाती कोणत्याच सरकारला नव्हती.

ठरल्या दिवशी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातले मजूर बायकापोरांसह आले. वांग्याची भाजी रटरटू लागली. सगळे सारखे, हे दाखवायला इंद्रभान स्वतः गोवऱ्यांचा आर फुंकायला बसला. जन्मात चूल न फुंकलेला गडी. सकाळभर धूर गिळत राहिला. पत्रावळी मांडल्या, तो उठून उभा राहिला, तोंड उघडलं, आणि नुसता वारा बाहेर आला.

न झालेलं भाषण लिहून देणं उकंडरावाला जमण्यासारखं नव्हतं. पगार ऐकण्याचा होता, रचण्याचा नव्हता.

त्याचं तोंड पाहून जिनातला फिटर पंजाबराव जवळ आला. "काऊन घाबरून राह्यले मामा? याचं धामनगावचं भाषन तुमाले पाठ आहे ना? तुमीच म्हना."

"मी सरकारचा मानूस आहो बाप्पा."

"मंग सरकारसाठीच म्हना. भाषन झालंच नाही तं लिवनार काय तुमी?"

या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. उकंडराव उभा राहिला आणि हजेरी घेतल्यासारखं सुरू झाला. भांडवलदार आले, पिळवणूक आली. "येथे टाळ्या," तो त्याच सुरात म्हणाला. लोकांनी टाळ्या दिल्या. कवायतीच्या मैदानावर कमावलेला आवाज. नदीपलीकडची गुरं माना वर करून बघू लागली. पुढचं वाक्य आलं, "पोलीस शिपाईसुद्धा मजूरच आहे." धामणगावला हे नुसतंच पाठ झालं होतं. आता स्वतःच्या तोंडून ऐकलं आणि पुढचं पाठ सुटलं. पुढे जे आलं ते इंद्रभानचं नव्हतं.

"लेक बाळंतपनाले आली असते अन् साहेब म्हनतो, डोंगरात जा."

इथे टाळ्या सांगाव्या लागल्या नाहीत. बायांनी डोळ्यांना पदर लावले. इंद्रभान नसलेल्या आवाजात 'वा' म्हणाला.

अहवालात उकंडरावाने सगळं इमानाने लिहिलं. वक्त्याच्या जागी मात्र 'एक इसम' एवढंच. चौथ्या दिवशी बुलढाण्याहून बोलावणं आलं. गणवेश चढवून, पट्टा आवळून, पोट आत ओढून तो साहेबांपुढे उभा राहिला.

"तो नागपूरचा पोरगा विसरा," साहेब म्हणाले. "आमचा जबलपूरहून आणलेला नवा खुफिया त्या पंगतीत जेवत होता. खरा पुढारी दुसराच आहे. पन्नाशीचा, काळी टोपी, पोट सुटलेलं, आवाज तोफेसारखा. लोक त्याला मामा म्हणतात. ओळखता?"

"येताजाता दिसतो साहेब."

"फार पोचलेला कम्युनिस्ट आहे. बायांना रडवतो. तो मलकापुरात आहे तोवर तुम्ही तिथून हलायचं नाही. सावलीसारखे राहा त्याच्यामागे."

उकंडरावाने सलाम ठोकला. त्या दिवसापासून त्याची पाळत अशी चोख झाली की जिल्ह्यात तोड नव्हती. मामा कुठे गेला, काय खाल्लं, कोणाशी भांडला, सगळं ठरल्या वेळी बुलढाण्याला पोचू लागलं.

दोन महिन्यांनी साहेब दौऱ्यावर आले. "मामा अलीकडे गप्प दिसतो," त्यांनी विचारलं. "काही मोठा कट शिजतोय का?"

"नाही साहेब. त्याच्या लेकीले पोरगा झाला. मामा रातभर पाळना हालवत असते."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास. पार घरात माणूस पेरलाय तुम्ही."