मागची खोली विकाऊ आहे

फर्निचरच्या त्या शोरूममध्ये तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सकाळची लेक्चर्स आटोपून, खांद्यावर बॅग घेऊन ती धापा टाकत कामावर यायची, म्हणून मालकांनी तिचं नावच ‘कॉलेज’ पाडलं होतं. "कॉलेज, सोफा पूस." "कॉलेज, गिऱ्हाईक बघ." शेवटचं वर्ष होतं, परीक्षा तोंडावर आली होती आणि त्यात नोकरी शोधण्याचं तिसरं काम मागे लागलं होतं. त्याला अर्थातच पगार नव्हता.

एका मालवाहतूक कंपनीने तिला मोबाइलवर मुलाखतीला बोलावलं, तेही भर दुपारी. घरी जाऊन उपयोग नव्हता. तिथे दोन खोल्यांत सहा माणसं आणि आईचं शिलाई मशीन. मालक जेवायला गेले होते, तेव्हा तिने शोरूममध्ये नमुना म्हणून मांडलेल्या अभ्यासिकेत बस्तान मांडलं. चकचकीत टेबल, मागच्या कपाटात जाडजूड पुस्तकं, भिंतीवर खिडकीच्या चौकटीत बाग. पुस्तकं पुठ्ठ्याची होती आणि बाग कागदाची, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला तेवढं कळत नाही. किमतीच्या चिठ्ठ्या तिने उलट्या करून ठेवल्या.

"घरूनच बोलताय ना?" पलीकडच्या मॅडमनी सहज विचारलं.

नाही म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण घाबरलेलं माणूस आधी हो म्हणतं. तीही हो म्हणाली.

मुलाखत छान चालली होती. तेवढ्यात एक बाई नवऱ्याला घेऊन दुकानात शिरल्या. नवरा तिच्या बाजूच्या, कॅमेऱ्यात दिसणाऱ्या पलंगावर ‘जरा बघतो’ म्हणून आडवा झाला. बाई थेट अभ्यासिकेत आल्या आणि तिच्या मागच्या कपाटाचं दार उघडून-मिटून पाहू लागल्या.

"त्या कोण?" मॅडमनी विचारलं.

"आई," तिच्या तोंडून निघून गेलं.

बाई थबकल्या. त्यांचा स्वतःचा मुलगा वर्षभर नोकरी शोधत घरी बसला होता. पोरीचा पांढराफटक चेहरा पाहून त्यांना सगळं उमगलं आणि त्या मदतीला धावल्या. तिथेच घोळ झाला.

"हो, मी आई. फार गुणी आहे हो. आम्ही लाडात वाढवलीय, इकडची काडी तिकडे करू दिली नाही."

"बाजूला बरेच सोफे दिसताहेत."

"पाहुणे फार येतात आमच्याकडे."

"आणि ते पलंगावर?"

"हिचे वडील. दुपारचे झोपतात. काम करायची तशी गरजच नाही त्यांना."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "स्पष्टच सांगते. याआधी अशाच सुखवस्तू घरच्या दोन मुली घेतल्या. महिन्याभरात कंटाळून गेल्या. इथे पहाटेपासून ट्रक सुटतात, आरडाओरडा असतो. आम्हाला नोकरीची खरी गरज असलेलं माणूस हवंय. तुम्हाला ती असावी असं दिसत नाही."

तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं. ही नोकरी मिळाली तर आईचं मशीन निदान रविवारी तरी बंद राहिलं असतं.

"मॅडम, मला गरज आहे. हे घर नाही, दुकान आहे. मी इथे कामाला आहे." तिने कपाटातलं एक पुस्तक काढून उलटं केलं. "हे बघा, आत पोकळ आहे. आणि या माझ्या आई नाहीत, गिऱ्हाईक आहेत."

पण बाई आता मागे हटायला तयार नव्हत्या. "असं बोलतेस होय गं? आईला गिऱ्हाईक म्हणतेस?" त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. "हिचं मनावर घेऊ नका हो. घाबरली की काहीही बोलते."

मॅडमना आता दोघींपैकी कुणावरच विश्वास ठेवावासा वाटेना. एवढ्यात मालक जेवून परतले.

"कॉलेज, गिऱ्हाईक पलंगावर बुटासकट घोरतंय आणि तू मोबाइल घेऊन बसलीस? सकाळी कॉलेज, दुपारी दुकान, मधेमधे अभ्यास. आता हे काय नवीन काढलंस?"

"तुम्ही मालक का?" मोबाइलमधून आवाज आला. "ही मुलगी आमच्याकडे नोकरीला येऊ पाहतेय. कामाला कशी आहे?"

मालकांचा चेहरा खर्रकन उतरला. ही कधी काम सोडून जाईल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पण ते लगेच सावरले.

"अजिबात घेऊ नका. उशिरा येते, कामात लक्ष नाही, बघावं तेव्हा पुस्तकात डोकं. एकदम कुचकामी."

"मग काढून का टाकत नाही तिला?"

"काढून टाकू?" मालक भडकले. "आणि आलेला माल कोण मोजून घेणार? मी भांडून घालवलेली गिऱ्हाइकं कोण परत आणणार? माझ्या बायकोच्या औषधाच्या वेळासुद्धा हिलाच पाठ आहेत, मला नाहीत."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. मॅडम हसत होत्या.

"परीक्षा पास झालात की रुजू व्हा," त्या तिला म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

तिला हसावं की रडावं कळेना. बाईंनी तिला पोटाशी धरलं. मालक मात्र जवळच्या सोफ्यावर बसले. त्यांनी तिला हाक मारली, ती नेहमीपेक्षा हळू.

"कॉलेज, खरं सांग. एखादा विषय राहील असं वाटतंय का गं तुला?"