दाजींची फोर व्हील

श्रेया भाजी घेऊन परतली तेव्हा पुंडलिकनगरातल्या तिच्या घरासमोर जीपचं तोंड विटांच्या ढिगावर टेकवलेलं होतं. पुढची दोन्ही चाकं तुळशीवृंदावनाला टेकून उभी होती आणि जीपखालून माणसांचे चार पाय बाहेर आले होते. त्यातले दोन आपल्या नवऱ्याचे आहेत, हे तिनं चपलांवरून ओळखलं. पिशवी तिच्या हातातून गळून पडली.

"अहो! कुणी ठोकली का जीप?"

"ठोकली नाय, खोललीय," आतून सुदर्शनचा आवाज आला. "फोर व्हील करायलोय."

"मग आत्तापर्यंत किती व्हील होते?"

"भाभी, व्हील तो चारच होते," दुसऱ्या दोन पायांनी उत्तर दिलं. ते शेजारच्या फारूखभाईंचे होते. त्यांचं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं आणि कुठल्याही यंत्राला ते नाही म्हणत नसत. "पण काम मागचे दोघंच करतात ना. पुढचे नुसते फुकट फिरतात. आता त्यांनाबी कामाला लावायचं."

"आणि शिवराजचं लग्न तोंडावर आलंय, त्याचं काय?"

"त्याच्यासाठीच तर चाललंय हे सगळं!" सुदर्शन म्हणाला आणि त्याच्या कपाळावर ग्रीसचा एक गोळा पडला.

श्रेयाचं माहेर करमाडचं. शिवराज तिचा धाकटा भाऊ. मुख्य रस्त्यापासून शेतातल्या घरापर्यंतचा रस्ता काळ्या मातीचा, आणि जरा पाऊस झाला की सुदर्शनची जुनी जीप त्यात पोटापर्यंत रुतायची. मग सासरे काकासाहेब ट्रॅक्टर घेऊन यायचे, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं हसायचे, जावयाला दोर बांधून ओढून काढायचे आणि त्याचा व्हिडिओ पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकायचे. सुदर्शन वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला हे फार लागायचं. मागच्या खेपेला चिखलात उभा राहूनच त्यानं सासऱ्यांना जाहीर केलं होतं, "मामा, शिवराजची परण्या माझ्याच जीपमधून निघंल. फोर व्हील करून आणतो!"

काकासाहेबांना हसू आवरेना म्हणून ते बांधावर खाली बसले. पण जावयाचा शब्द म्हणून परण्यासाठी, म्हणजे नवरदेवाला मारुतीच्या देवळात नेणाऱ्या मिरवणुकीसाठी, ठरवलेला घोडा मात्र त्यांनी रद्द केला.

फारूखभाईंनी भंगार बाजारातून दुसऱ्या जीपचा पुढची चाकं जोडणारा अख्खा दांडा आणला होता. दांड्याच्या पोटात भोपळ्याएवढा एक गोळा असतो. इंजिनाकडून येणारी ताकद त्यात शिरते आणि तिथून चाकांना मिळते. अडचण एवढीच झाली, की सुदर्शनच्या जीपमध्ये ही ताकद उजवीकडून येत होती आणि आणलेल्या दांड्याचा गोळा होता डावीकडे. दोघांनी त्यावर चहा घेतला. मग पुन्हा चहा घेतला.

"पलटी मारून बघायचं का?" फारूखभाई म्हणाले.

दांडा उताणा केला. गोळा अगदी हवा तसा उजवीकडे आला.

"देखा? उगाच टेन्शन घेत होतो आपण!"

चाकं चढली, नट आवळले गेले. सुदर्शननं जीप कॉलनीत फिरवून आणली. श्रेया फाटकात उभी होती.

"फोर व्हील चालू आहे का आत्ता?"

"नाय. डांबरावर टाकायचा नसतो तो. गिअर तुटतात. फारूखभाईंनी मोबाईलवर बघितलंय."

"मग तो चालतोय हे कळणार कसं?"

"चिखलात गेल्यावर."

"म्हणजे पहिल्यांदा कळणार ते माझ्या भावाला वर उभं करूनच?"

"अगं, चिखल नसला तर फोर व्हील लागणारच नाय," सुदर्शननं समजावलं. श्रेयाला यात काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण नेमकं काय ते सांगता येईना.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी करमाडला अवकाळी पाऊस कोसळला. सकाळी रस्ता काल्यासारखा झाला होता. झेंडूच्या माळांनी सजवलेली जीप घरासमोर उभी राहिली. फेटा, मुंडावळ्या, हातात कट्यार अशा थाटात शिवराज मागे दांडीला धरून उभा राहिला. पुढे पांढऱ्या कपड्यांतले बँडवाले, मागे नवीन पैठण्यांतल्या करवल्या. काकासाहेब ट्रॅक्टरवर बसून मोबाईल सरसावून तयार होते.

"दाजी, जमंल ना?" शिवराजनं हळूच विचारलं.

"तू फक्त दांडी सोडू नको," सुदर्शन म्हणाला आणि त्यानं फोर व्हीलचा दांडका ओढला. खट् असा आवाज झाला. त्यानं मारुतीचं नाव घेऊन ॲक्सिलरेटर दाबला.

जीप ओरडली. पण पुढेही गेली नाही आणि मागेही नाही. मागच्या चाकांनी चिखल उडवला तो करवल्यांवर. पुढच्या चाकांनी उडवला तो थेट पुढे, बँडवर. सनई वाजवणाऱ्याच्या सनईचं तोंडच बुजलं.

"भाऊ, रुको!" लग्नाला सोबत आलेले फारूखभाई चाकापाशी वाकून किंचाळले. "पुढची चाकं उलटी फिरायलीत!"

"उलटी म्हंजे?"

"म्हंजे मागची निघालीत मारुतीला आणि पुढची निघालीत घराला!"

उताणा केलेला दांडा सुदर्शनच्या डोळ्यांपुढे आला: दांडा उलटा, म्हणून फिरणंही उलटं. त्यानं दांडका मागे ढकलला, पण चारी चाकांच्या ओढाओढीत तो असा अडकला होता की हलेना. घाबरून त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर आणखी दाबला गेला. आता जीप उड्या मारू लागली. तोंड वर, मग बूड वर, पुन्हा तोंड वर.

"दाजीऽऽ! काय होऊ लालंय हे?" शिवराज एका हातानं दांडी आणि दुसऱ्या हातानं फेटा धरून ओरडला.

तेवढ्यात ढोलवाल्यानं डोळ्यांतला चिखल पुसला. समोर जीप एका ठेक्यात उडत होती. त्यानं तो ठेका उचलला. ताशा त्याला मिळाला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आरं, जीप नाचायलीया!"

शिट्ट्यांचा पाऊस पडला. माखलेल्या करवल्या पदर खोचून नाचायला उतरल्या. आपण नाचत नसून आदळतोय हे शिवराज जीव तोडून सांगत होता, पण त्याचा हवेतला हात बघून लोकांना आणखी चेव येत होता. शेवटी इंजिन एक आचका देऊन बंद पडलं आणि जीप चिखलात पोटावर बसली.

"वन्स मोर!" गर्दी ओरडली.

काकासाहेब ट्रॅक्टरवरून उतरले. नवरदेवाला त्यांनी ट्रॅक्टरवर चढवलं आणि दोर घेऊन जीपपाशी आले. सुदर्शन मान खाली घालून चिखलात उतरला.

"जावईबापू," काकासाहेबांनी त्याचे दोन्ही खांदे धरले, "नाचणारी करायलात हे आधी सांगायचं ना. मी येडा फोर व्हील समजून हसत बसलो. पंचक्रोशीत अशी परण्या कुणाची निघाली नाय!"

सुदर्शननं खरं सांगायला तोंड उघडलं. श्रेयानं चिखलातच त्याच्या पायावर पाय दिला.

पण क्वालिटीच्या माणसाला चूक तशीच ठेवून झोप लागत नाही. पुढचे कित्येक रविवार घालवून त्यानं आणि फारूखभाईंनी उजव्या गोळ्याचा दांडा शोधला, सरळ बसवला आणि या वेळी चारी चाकं उचलून, नीट निरखून, एकाच दिशेनं फिरताना पाहिली. पुढचा मोठा पाऊस झाला तसा सुदर्शन करमाडला धावला. रस्त्याच्या त्या टोकाला काकासाहेब उभे होते. सोबत शेजारच्या गावचे एक पाहुणे होते, मुलाच्या लग्नासाठी जीप बघायला मुद्दाम आलेले.

सुदर्शननं दांडका ओढला. जीप चिखलात शिरली, न डगमगता, न घसरता सरळ रस्ता कापत गेली आणि काकासाहेबांसमोर अलगद थांबली. दोर नाही, धक्का नाही. आयुष्यात पहिल्यांदा. छाती फुगवून तो खाली उतरला.

पाहुण्यांनी काकासाहेबांकडे पाहिलं. काकासाहेबांचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी जावयाला बाजूला घेतलं आणि पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

"बिघडली का काय हो?"