लाल दिवा आणि जानीचा पापड

"हे बघ गो चंद्राबाय, पाला मी दावलाय. त्याचा पापड माज्या तोंडी लागल्याबिगर तुज्या तोंडी लागायचा नाय. लागला तर जल्मात तुज्याशी बोलायची नाय मी!"

रोह्याच्या वाडीवरून पेणच्या बाजारात रानपाला विकायला येणाऱ्या जानीने चंद्रावतीला पापडांचा बेत ऐकून असं बजावलं होतं. चंद्रावतीची लेक किमया गेल्या वर्षी दहावीला होती आणि तिची झोप पार उडाली होती. जानीने मूठभर ब्राह्मी हातावर ठेवली. "याची चटनी दे." चौथ्या दिवशी पोरगी अशी झोपली, अशी झोपली, की घरच्यांनी तिच्या नाकाशी आरसा धरून पाहिला! पाल्याचा गुण म्हणा, देवाची कृपा म्हणा, चंद्रावती त्या दिवसापासून देवाला हात जोडताना जानीचंही नाव घ्यायची.

त्याच ब्राह्मीचे पोह्याचे पापड करायचे, ही कल्पना चंद्रावतीचीच. पेणच्या रामवाडीतल्या आठ जणींच्या मंडळाने पापड लाटले, चैत्राच्या उन्हात कडकडीत वाळवले. रोह्याच्या एका कंपनीच्या संशोधन विभागातले प्रदीप साहेब शुक्रवारी तपासायला येणार होते. त्यांनी पसंत केले तर आठ घरांना बारमाही काम!

"गुरुवारी सकाळच्या गाडीने रोह्याला जाते, जानीला पापड देते. मग शुक्रवारी मीही चाखेन," चंद्रावती म्हणाली. "सगळं पंचांग बघून ठरवलंय. यात काही चुकायचं नाही!"

आणि बुधवारी दुपारीच साहेबांची जीप दारात!

जीपमधून संगणक उतरला, त्यामागून एक टोपी उतरली. टोपीला इतक्या वायरी, की जणू शेवयांची परडीच कुणी उपडी केलेली! "खाणारा तोंडाने खरं सांगत नाही," साहेब म्हणाले. "शेजारणीला वाईट वाटेल म्हणून 'छान' म्हणतो. दोन वर्षं खपून बनवलेलं हे यंत्र थेट मेंदूला विचारतं. मनात 'आवडलं' आलं की हिरवा दिवा, 'नको' आलं की लाल. फक्त बोलणारी बाई नको. बोललं की लहरी गडबडतात."

लगेच सात जणी, आपण किती कमी बोलतो, ते एकदम ओरडून सांगू लागल्या!

"गप गो सगळ्या!" मंडळाची अध्यक्षीण मालू गरजली. "साहेब, ही चंद्रा घ्या. पयला घास तोंडात गेला की चूळ भरेपर्यंत शब्द काढत नाय. नेमच हाय तिचा, बारा वर्सांचा!"

"पण मालूबाय, तो पापड मला..." चंद्रावती म्हणाली. म्हणाली म्हणजे काय, तिचा आवाज इतका मऊ, की भिंतीवरच्या पालीलाही ऐकू गेला नसता. तोवर टोपी डोक्यावर चढली होती. केसांना खोबरेल तेल, त्यामुळे टोपी सारखी घसरायची. शेवटी मंडळातल्या सगुणाने ती परकराच्या नाडीने हनुवटीखाली करकचून बांधली.

"आधी केळं द्या. यंत्राला ओळख पटू दे," साहेब म्हणाले.

चंद्रावती "अहो, पण" म्हणायला तोंड उघडते तोच मालूने केळं आत सारलं. घास तोंडात गेला! नेम सुरू झाला! आता चूळ भरेपर्यंत बोलणं नाही.

केळं मऊ. हिरवा दिवा लागला. बायकांनी टाळ्या पिटल्या.

मग ताटलीत खमंग भाजलेला ब्राह्मीचा पापड पुढे आला. चंद्रावतीला जानी आठवली आणि तिने दात घट्ट आवळले.

लाल!

"अजून खाल्लाही नाही!" साहेब चकित झाले आणि त्यांनी लिहून घेतलं: 'वासही नापसंत.'

"चंद्रे!" मालू किंचाळली. "तुज्याच हातचा हाय ना गो तो?"

चंद्रावतीने खुणेने सांगायचं ठरवलं. जानी पाल्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन येते, म्हणून तिने दोन्ही हात डोक्यावर नेले.

"डोकं दुखतंय तिचं!" सगुणा म्हणाली.

तिने रोह्याच्या दिशेला, म्हणजे बंद खिडकीकडे, बोट दाखवलं.

"गरम व्हतंय! खिडकी उघडा!" खिडकी उघडली, आणि साहेबांचे सगळे कागद लग्नाच्या अक्षतांसारखे उडाले!

चूळ भरली की बोलता येईल, म्हणून तिने तांब्याकडे हात केला.

"पाणी नको! वायरी आहेत, शॉक बसेल!" साहेब ओरडले. डोकं दुखतंय म्हटल्यावर त्यांनी कंपनीचं औषधी मलम काढलं आणि सगुणाने ते तिच्या कपाळावर असं चोळलं, जणू मिसळणाचा डबाच घासायला घेतलाय. मलम डोळ्यांत उतरलं. चंद्रावतीच्या गालांवर धारा लागल्या. दात आवळलेलेच. दिवा लाल तो लालच.

साहेबांनी लिहिलं: 'पापड पाहून रडू कोसळले.'

"गेलं!" मालू मटकन खाली बसली. "आठ घरांचं काम गेलं गो, बाय!"

ते ऐकून चंद्रावतीने ताटलीकडे पाहिलं. एक तुकडा मोडावा का? जानीला कळणार तरी कसं? हात ताटलीपर्यंत गेला. पण देवाला ठाऊक, आणि आपल्याला ठाऊक. हात मागे आला. 'देवा, आता तूच बघ,' ती मनात म्हणाली.

आणि वीज गेली!

आता शॉकची भीती नव्हती. तिने तांब्या उचलला, खिडकीतून तीनदा चूळ भरली आणि एका दमात बोलली, "पाला जानीचा आहे. तिच्या आधी मी हा पापड खाणार नाही. शब्द दिलाय!"

साहेबांनी हातातले कागद खाली ठेवले.

"बाई, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"केळं होतं ना तोंडात!"

वीज आली तेव्हा साहेबांनी टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि पापड खाल्ला. लाल! "पण मला तर आवडला!" दुसरा खाल्ला. लाल! केळं खाल्लं. हिरवा! मग काहीच न खाता त्यांनी नुसते दात आवळले. लाल!

साहेबांचा चेहरा उतरला. "मेंदू नव्हे. हे यंत्र जबडा वाचतंय."

"म्हंजे दोन वर्सं खपून तुमी दात मोजलेत?" मालूने विचारलं.

साहेब आधी ओशाळले, मग पोट धरून हसले. टोपी काढून त्यांनी चंद्रावतीला हात जोडले. "तुम्ही मुकाट्याने खाल्ला असतात ना, तर कुरकुरीत पापडाला लाल दिवा लागला असता आणि 'नापसंत' लिहून मी निघून गेलो असतो. चूक कळलीच नसती. शुक्रवारी परत येतो. टोपी न आणता, नुसतं तोंड घेऊन!"

बोलता बोलता त्यांचा हात भाजलेल्या पापडांच्या डब्यात जातच होता. जीप गेल्यावर सगुणाने डबा उपडा केला. रिकामा! डब्यातले बावीसच्या बावीस पापड साहेबांनी आणि बायकांनी मिळून फस्त केले होते. उरला होता एकच. चंद्रावतीच्या ताटलीतला, तिने न खाल्लेला.

गुरुवारी सकाळी, ठरल्याप्रमाणे, चंद्रावतीने पूजा केली. देवाचे आभार मानले, किमयाच्या झोपेसाठी, जानीसाठी आणि हो, गेलेल्या विजेसाठीही. प्रसादाचा खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला, घट्ट झाकणाच्या डब्यातला तो एकुलता पापड तान्ह्या बाळासारखा आडवा धरला आणि ती निघाली.

वळणावर सगुणा भेटली. "एवढ्या सकाळी कुठं गो, चंद्राबाय?"

तोंडात खडीसाखर! चंद्रावतीने मोकळा हात गाठोड्यासारखा डोक्यावर नेला.

"अगो बाय! अजून डोकं दुखतंय व्हय?"

चंद्रावती गालातल्या गालात हसली आणि काही न बोलता स्टेशनच्या वाटेला लागली.