येतो म्हणावं

अंबडच्या एका छोट्याशा कंपनीत तयार होत असलेल्या फोनने मंगळवारी सकाळी झोपायला नकार दिला, कारण त्याला 'जा' म्हटलं होतं.

बटणांचा साधा फोन. त्याला चार अवस्था: जागा, वाजतोय, बोलतोय आणि झोप. एकीतून दुसरीत कधी शिरायचं, ते सगळं अश्लेषा बोरवणकरने तीन वर्षं खपून लिहिलं होतं. शेवटची ओळ होती, 'झोपेत जा'. फोनने ती वाचली आणि त्याच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'बाई, भरल्या घरात कुणाला जा म्हणू नये.'

"आता हे काय नवीन?" अश्लेषा म्हणाली. पण फोनचं काही चुकलं नव्हतं. तिच्या आईनेही हेच सांगितलं असतं, आणि वर चार शब्द सुनावले असते.

पंचाईत अशी, की न झोपणाऱ्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकायची. शुक्रवारी तपासणी. तपासणारे रिसबूड साहेब त्याच दिवशी निवृत्त होणार, आणि त्यांच्या जागी येणारे गृहस्थ तर बटणांचे फोन बंदच करा म्हणत होते. शुक्रवारी सही झाली नाही, तर तीन वर्षं मातीत!

तिने 'जा' खोडून 'येतो म्हण' असं लिहिलं. फोन 'येतो' म्हणाला आणि टक्क जागाच राहिला.

"आता काय झालं बाबा?"

'येतो म्हणालो खरा. पण परत येईन तेव्हा दार कोण उघडणार?'

अश्लेषाने चिपचा नकाशा काढला. बत्तीस पिना. प्रत्येकीला काम नेमून द्यावं लागतं, कुणी ऐकायचं, कुणी बोलायचं. चौदा नंबरची पिन बटणाला जोडलेली, झोपलेल्याला उठवणारी. नेमकं तिलाच काम दिलेलं नव्हतं. फोन झोपला असता तर तो कायमचाच.

"अगं बाई!" तिने जीभ चावली आणि घाईघाईने लिहिलं: चौदा नंबर, दारात बसायचं, हाक ऐकायची.

'आता कसं!' म्हणून फोन गाढ झोपला.

शुक्रवारी रिसबूड साहेबांनी झोपलेला फोन उलटसुलट करून पाहिला. "कुंभकर्ण आहे की काय?" त्यांनी बटण दाबलं. 'आलो,' फोन म्हणाला. साहेबांनी सही केली. "जमलंय हो, बोरवणकर." कुणाचं कौतुक करणं हा साहेबांचा स्वभावच नव्हता. अश्लेषाला इतका आनंद झाला की आभार मानायचेच राहून गेले.

संध्याकाळी साहेबांनी डबा उचलला. "चला, जातो मी."

टेबलावरचा फोन आपणहून उजळला. 'शुभ बोला, साहेब.'

साहेब थबकले. "अरे, आता मला कुठे परत यायचंय?"

'ते पुढचं पुढे. आधी म्हणा.'

साहेबांनी चष्मा पुसला. "येतो," ते म्हणाले आणि निघाले.

सोमवारी साडेनऊला साहेब आले. येतो म्हणाले होते, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. दार चौदा नंबरच्या पिनने उघडलं आणि अश्लेषाने दोन चहा सांगितले.